पोटाचा व्यायाम रोज करायचा की दिवसाआड, आणि जोर किती लावायचा?

ह्या वेळी सदराकडे आलेल्या मेल आणि चिठ्ठ्यांमधे अर्ध्याहून जास्त प्रश्न पोटाचेच आहेत. कुणाला ॲब्स दिसायला हवेत, कुणाचं पोट सुटलंय, कुणाची कंबर धरलीय, आणि विचारतात मात्र सगळे एकच, की किती वेळा करू आणि किती करू. म्हणून ह्या अंकातलं अख्खं सदर पोटाला देतोय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, फक्त वय आणि भाग दिलाय.

प्रश्न: सर, मी २० वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगला आहे, हिंगणा रोडला हॉस्टेलवर राहतो. रोज रात्री रूमवर ३०० क्रंचेस (पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलणं) मारतो, एक दिवस पण सुट्टी नाही. जिममधले पोट्टे म्हणतात की पोटाचे मसल वेगळे असतात, रोज मारले तरी चालतात. पण ॲब्स काही दिसत नाहीत आणि मान मात्र दुखायला लागली. आता ५०० वर नेऊ का? वजन ६४ किलो, उंची ५ फूट ८ इंच.

उत्तर: अरे ५०० वर अजिबात नको नेऊस. उलट आकडा खाली आण, इतका खाली की रूममेटला वाटलं पाहिजे तू व्यायाम सोडला.

पहिले तर ते पोटाचे मसल वेगळे असतात हे डोक्यातून काढून टाक. समोरचा जो लांब स्नायू आहे, बरगड्यांपासून खाली ओटीपोटाच्या हाडापर्यंत जाणारा, त्याला रेक्टस ॲब्डॉमिनिस म्हणतात. दोन्ही बाजूंनी तिरके ऑब्लिक आहेत, एक बाहेरचा आणि एक आतला, आणि सगळ्यात आत कमरेभोवती आडवा गुंडाळलेला ट्रान्सव्हर्स. ह्या सगळ्यांत जास्त वेळ तग धरणारे तंतू आणि झटक्यात जोर लावणारे तंतू साधारण निम्मे-निम्मे असतात, शरीरातल्या बाकीच्या बऱ्याच स्नायूंसारखेच. मग त्यांनाच रोज रोज पिळायचं कशासाठी? तू बायसेप रोज मारतोस का, छाती रोज मारतोस का, नाही ना? जोरात व्यायाम झाला की स्नायूत नवीन प्रोटीन भरायचं काम पुढचे २४ ते ४८ तास वाढलेलं असतं, ते काम चालू असतानाच तू परत त्यालाच दामटतोस. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन ही व्यायामशास्त्रातली मोठी संस्था आहे, त्यांचा सल्ला प्रत्येक मोठ्या स्नायूगटासाठी आठवड्यातून दोन ते तीन दिवस आणि मधे साधारण ४८ तासांचा गॅप असा आहे. पोट त्याला अपवाद नाही.

आता जोराचं बघू, कारण खरी गडबड तिथेच आहे. जो व्यायाम तू रोज ३०० वेळा करू शकतोस तो तुझ्या स्नायूला कधीचाच हलका झालाय. पहिल्या २५० मधे स्नायूला काही विशेष करावंच लागत नाही, आणि शेवटच्या ५० मधे पोट थकलेलं असतं म्हणून तू हाताने डोकं ओढतोस. मान त्यानेच दुखतेय. हात डोक्यामागे गुंफू नकोस, छातीवर आडवे ठेव, आणि हनुवटी छातीला टेकवायची नाही, मधे एक मूठ मावेल एवढी जागा राहू दे. स्नायू जाड व्हायचा असेल तर त्याला असं काम दे की ८ ते १५ रेप्समधेच, म्हणजे तेवढ्या वेळा करण्यातच, दम निघाला पाहिजे, फार तर २०, आणि अजून एक-दोनच निघतील असं वाटलं की तिथे थांबायचं. असे तीन सेट, मधे मिनिट-दीड मिनिट आराम. दिवसाला दोनच व्यायाम घे, आठवड्यातून दोन-तीन दिवस, सगळे धरून आठवड्याला १२ ते १८ सेट झाले की खूप झालं. वीस मिनिटांच्या वर वेळ जात नाही.

रूमवर काही सामान नाही म्हणतोस तर रिव्हर्स क्रंच घे, पण तो नीट कर, कारण बहुतेक पोरं तो झोका घेऊन करतात आणि मग काम पोट करतच नाही. चटईवर पाठीवर झोप, हात डोक्यावरून मागे नेऊन पलंगाचा पाय घट्ट धर, गुडघे वाकवून मांड्या सरळ छताकडे उभ्या कर. आता पाय हलवायचे हा विचारच सोडून दे. श्वास सोडत सोडत आधी कंबर जमिनीला दाब, मग ढुंगण जमिनीवरून एकेक मणका सुटत वर आलं पाहिजे, गुडघे कपाळाकडे आले पाहिजेत, वर एक सेकंद थांब, आणि खाली येताना मनात तीनपर्यंत मोजत हळूहळू ये. उतरताना कंबर जमिनीवरून उचलली गेली, खाली हात जाईल एवढी फट पडली, की तो रेप धरायचाच नाही. ३०० मारणारा पोरगा असे १२ करताना थरथरतो, हे मी जिममधे नेहमी बघतो. १५-१५ चे तीन सेट आरामात व्हायला लागले की मग पुढची पायरी, बारला लटकून गुडघे वर घेणं, ते जमलं की पाय सरळ ठेवून. जिममधे केबल क्रंच आहे, ॲब व्हील आहे, तिथे वजन किंवा अंतर वाढवता येतं. वाढवायचा तो भार, आकडा नाही.

आणि एक. तुझी उंची आणि वजन बघता तुझ्यावर चरबीच फारशी नसावी, तुझ्याकडे मसलच कमी आहे. म्हणजे तुला खायची गरज आहे. वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन धर, तुझ्यासाठी दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास. मेसच्या पातळ वरणात ते होत नाही, अंडी, सोयाबीन वड्या, दही, फुटाणे, शेंगदाणे असं स्वतः जोडावं लागेल. सोबत स्क्वॉट, पुल-अप, जोर हे सगळं चालू ठेव, नुसतं पोट मारून शरीर बनत नाही. तुझे चार दिसतील, सहा की आठ, सरळ दिसतील की वाकडे, हे मात्र जन्मतः ठरलेलं असतं, रेक्टसवर आडव्या शिरांसारखे जे पट्टे असतात त्यांच्या जागेवर ते अवलंबून आहे आणि कोणत्याही व्यायामाने ते बदलत नाही, त्यामुळे इन्स्टावरच्या कुणाशी स्वतःला ताडून बघू नकोस.

प्रश्न: नमस्कार, वय ३४, मिहानमधे आयटीत आहे, बसून काम. हातपाय बारीकच आहेत पण पोट सुटलंय, कंबर ९७ सेंटीमीटर भरली. पोटाचे कोणते व्यायाम दिवसातून किती वेळा केले म्हणजे तिथली चरबी जाईल? तो करंट देणारा पट्टा मिळतो तो घेतला तर फरक पडेल का? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर: भाऊ, मोकळंच सांगतो, पोटाच्या व्यायामाने पोटावरची चरबी जात नाही. तो स्नायू चरबीच्या खाली असतो, तो मजबूत होतो, पण वरची चरबी शरीर कुठून काढायची ते स्वतः ठरवतं. ह्यावर १९८४ मधे अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, त्यात लोकांकडून २७ दिवसांत प्रत्येकी ५,००४ सिट-अप करून घेतले आणि आधी-नंतर पोट, पाठ आणि ढुंगण अशा तीन ठिकाणच्या चरबीचे नमुने सुईने काढून तपासले. चरबीच्या पेशी तिन्हीकडे सारख्याच बारीक झाल्या, पोटावर वेगळं काहीच नाही. पाच हजार मारून! पट्ट्याचे पैसे वाचवा. २००२ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच करंटवाल्या पट्ट्यांची जाहिरात करणाऱ्या तीन कंपन्यांवर खोटे दावे केले म्हणून केस केली होती, आणि इतक्या वर्षांनी तेच दावे नव्या पॅकिंगमधे परत विकले जातायत ह्याचा मला खरंच राग येतो.

पण तुमच्या प्रश्नातली मला खरी काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. हातपाय बारीक आणि पोट पुढे, हा आपल्या भारतीय लोकांचा खास धोक्याचा नमुना आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी ह्यावर अनेक वर्षं काम केलंय, बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसातही चरबीचं प्रमाण जास्त असतं आणि डायबेटिसचा धोका लवकर सुरू होतो हे त्यांनी दाखवलंय. आपल्याकडे पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० धरतात. तुम्ही ९७ वर आहात. टेप पॅन्टच्या पट्ट्याच्या जागी नाही लावायचा, सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड ह्यांच्या मधोमध लावायचा, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. आणि ह्या आठवड्यात उपाशीपोटी शुगर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) करून घ्या, व्यायाम त्यानंतर ठरवू असं नाही पण रिपोर्ट हातात असू द्या.

मग करायचं काय, तर खाणं आणि चालणं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोज ४०० कॅलरी कमी पडल्या तर किलोभर जायला वीसेक दिवस लागतात, कागदावरचा हिशोब आहे हा, शरीर थोडं इकडेतिकडे करतं, पण महिन्यात दहा किलो म्हणणारा खोटं बोलतोय एवढं त्यावरून कळतं. नागपुरात राहून तर्री पोहे सोडा असं मी कुणालाच सांगत नाही. एक प्लेट खा, तर्री वरून परत परत घेऊ नका कारण तेल सगळं तिथे आहे, आणि त्यातले चणे जास्त मागा. सावजीचं जेवण महिन्यातून एकदा घरच्यांसोबत, दर शनिवारी मित्रांसोबत बाटलीच्या जोडीला नाही. आठवड्याला १५० मिनिटं तरी घाम येईल असं भरभर चालणं, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मधे सांगितलेलं किमान आहे, आणि त्यांनीच सोबत आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्या असंही सांगितलंय, तो भाग लोक विसरतात. त्या दोन दिवसांत शेवटची दहा मिनिटं पोटाला द्या, वरच्या उत्तरात लिहिलंय तसं. सिक्स पॅकच्या मागे लागू नका. ते दिसायला पुरुषाच्या शरीरात चरबी साधारण १० ते १२ टक्क्यांवर आणावी लागते, घरदार आणि नोकरी सांभाळून तिथे टिकून राहणं फार कठीण. टेप ९० च्या खाली आला पाहिजे, तुमचं खरं काम ते आहे.

प्रश्न: मित्रांमधे पैज लागलीय, प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरणं) पाच मिनिटं धरायचा. मी साडेतीनपर्यंत गेलोय. वेळ वाढवत राहिलं की कोअर, म्हणजे पोट-कमरेचे स्नायू, तेवढा मजबूत होतो ना? (वय २६, धरमपेठ)

उत्तर: पैज जिंकशील, कोअर तेवढा वाढणार नाही. एक मिनिट नीट धरता आला की त्यापुढे तू फक्त जास्त वेळ सहन करायला शिकतोस, आणि शेवटी शेवटी कंबर खाली लोंबायला लागते तेव्हा सगळा भार मणक्यावर जातो. अमेरिकन नेव्हीने २०२१ पासून आपल्या फिटनेस टेस्टमधे जुन्या पोटाच्या व्यायामाऐवजी प्लँक आणला, तिथे वेळ मोजतात, पण ती परीक्षा आहे, ट्रेनिंग नाही. तू असं कर, कोपरं खांद्याच्या थोडी पुढे ठेव, ढुंगण आवळ, कोपरं आणि पायाची बोटं एकमेकांकडे ओढतोयस असा जोर लाव. असा प्लँक १५-२० सेकंदांतच अंग थरथरवतो. तीन-चार वेळा कर, आठवड्यातून तीन दिवस, पुरे.

प्रश्न: माझं वय २९, सिझर होऊन पाच महिने झाले. पोट मधोमध अजून पुढेच आहे, आणि पलंगावरून उठताना पोटाच्या मधे उभा उंचवटा येतो, ते बघून भीती वाटते. सासूबाई म्हणतात कपड्याने पोट घट्ट बांध, मैत्रीण म्हणते रोज १०० क्रंचेस मार, पोट आत जाईल. काय करू? बाळ अंगावर पितं. (मानेवाडा)

उत्तर: ताई, घाबरू नका, आणि क्रंचेस सध्या नकोच. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून रेक्टसचे दोन्ही भाग मधून फाकले असावेत, डॉक्टर ह्याला डायस्टॅसिस म्हणतात. गरोदरपणात बाळाला जागा व्हावी म्हणून मधला जोडणारा पडदा ताणला जातो, हे बहुतेक सगळ्या बायकांना शेवटच्या महिन्यांत होतं, नंतर बऱ्याच जणींचं आपोआप जवळ येतं आणि काही जणींचं राहतं. तुमचं काही चुकलं म्हणून झालेलं नाही.

घरीच तपासून बघता येतं. पाठीवर झोपा, गुडघे वाकवून पाय टेकलेले. बेंबीच्या जरा वर दोन बोटं आडवी ठेवा, हलकासा दाब द्या. आता फक्त डोकं उशीवरून थोडं उचला, खांदे नाही. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा बोटांना लागतील. मधे दोन बोटांपेक्षा जास्त जागा असेल, किंवा बोटं खोल मऊ जात असतील, तर तुमच्या गायनॅकना दाखवा आणि त्यांच्याकडून ह्या विषयातल्या फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी घ्या. बेंबीजवळ गोळा येत असेल आणि तो दुखत असेल तर हार्निया नाही ना हे आधी बघायला पाहिजे. खोकताना-शिंकताना लघवी थोडी सुटत असेल तर तेही लाज न बाळगता सांगा, कितीतरी जणींना होतं आणि व्यायामाने बरंच सुधारतं. बायका हे वर्षानुवर्षं गप्प राहून सोसतात, मला त्याचं फार वाईट वाटतं.

डॉक्टरांनी हो म्हटलं की सुरुवात श्वासापासून. त्याच स्थितीत झोपून नाकाने श्वास घ्या, पोट सैल सोडा, मग तोंडाने हळू श्वास सोडताना लघवी रोखतो तसं खालून हलकं वर ओढा आणि ओटीपोट आतल्या बाजूला जाऊ द्या, पाचेक सेकंद, मग पूर्ण सोडा. दहा वेळा. हे जमलं की त्याच श्वासावर एक टाच जमिनीवरून घसरवत पाय सरळ करा, परत आणा, मग दुसरा. मधे तो उंचवटा उठला की समजायचं भार जास्त झाला, एक पायरी मागे यायचं. आता तुम्ही म्हणाल वर तर दिवसाआड करा लिहिलंय. किती वेळा करायचं हे भार किती त्यावर ठरतं. जिथे स्नायू थकवायचा असतो तिथे मधे आराम लागतो, आणि इथे तर आपण त्याला नुसती जाग आणतोय, ती रोज आणली तरी चालते, दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं, बाळ झोपलं की. दोन्ही पाय एकदम उचलणं, पूर्ण सिट-अप, लांब प्लँक हे फट कमी होऊन ताकद येईपर्यंत बाजूला ठेवा. पलंगावरून सरळ उठू नका, कुशीवर वळून हाताने रेटून उठा. बाळ उचलताना, पाण्याची बादली उचलताना श्वास सोडत उचला, हा पण व्यायामच आहे आणि दिवसातून कितीतरी वेळा होतो.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. हलकं बांधलं तर चालताना आधार वाटतो, बांधा की. पण श्वास कोंडेल इतकं आवळलं तर सगळा दाब खाली जातो आणि तो आत्ता नकोय, आणि बांधून ठेवल्याने स्नायू काही जुळत नाहीत. दूध पाजताय तोवर खाणं कमी करून वजन उतरवायची घाई करू नका.

प्रश्न: मी २२ वर्षांची, उमरेडकडची आहे, नागपुरात रूम करून पोलीस भरतीची तयारी करते. सकाळी ग्राउंड, दुपारी रूमवर पोट आणि पायाचा व्यायाम, पंखा पण नाही. परवा मैत्रिणींसोबत चॅलेंज म्हणून खूपच सिट-अप आणि उठाबशा काढल्या, काल पोट हात लावू देत नव्हतं आणि लघवी काळ्या चहासारखी झाली. थोडा आराम केला की होईल ना? आणि पोट रनिंगच्या आधी करायचं की नंतर?

उत्तर: बेटा, तुझा मेल दिसला तसं तुला लगेच वेगळं लिहिलं होतं की त्याच दिवशी दवाखान्यात जा. इथे छापतोय ते तुझ्यासारख्या बाकी पोरापोरींसाठी. सवय नसताना एकदम अति व्यायाम केला, त्यात ऊन आणि पाणी कमी, की स्नायूंचे तंतू फुटून त्यातला मायोग्लोबिन नावाचा पदार्थ रक्तात येतो, तो किडनीतून जातो आणि लघवी चहा किंवा कोलाच्या रंगाची होते. ह्याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. वेळेत सलाइन मिळालं तर बहुतेक लोक पूर्ण बरे होतात, घरी पडून राहिलं तर किडनी निकामी होऊ शकते. रक्तात सीके नावाची टेस्ट करतात. पेनकिलर स्वतःच्या मनाने खायची नाही, काही पेनकिलर किडनीवर अजून ताण टाकतात. आणि नागपूरचा मे महिना तुला मी सांगायला नको, पारा ४५ च्या पुढे जातो, बंद खोलीत दुपारी तसला व्यायाम कुणीच करू नये. उन्हाळ्यात ताकदीचा व्यायाम सकाळी सातच्या आत नाहीतर अंधार पडल्यावर.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच परत सुरू कर, आणि अर्ध्याहून कमी भाराने. पोट नेहमी धावण्याच्या नंतर. धावताना धड सरळ धरायचं काम हेच स्नायू करतात, ते आधीच थकवले तर ८०० मीटरच्या शेवटच्या २०० मधे तू कमरेत वाकतेस आणि तिथेच मार्क जातात. गोळाफेकीसाठी नुसते सिट-अप फार कामाचे नाहीत, तिथे कंबर वळून जोर लागतो, त्यामुळे बाजूचा प्लँक आणि मेडिसिन बॉल भिंतीवर वळून फेकणं घे, आठवड्यातून दोन दिवस, ५-५ चे तीन-चार सेट, प्रत्येक फेक पूर्ण ताकदीने. शारीरिक चाचणीच्या आधीचे तीन दिवस पोटाला पूर्ण सुट्टी. चॅलेंज वगैरे नको, मैत्रिणींना पण सांग.

प्रश्न: वय ६३, रिटायर्ड, प्रतापनगरला राहतो. रोज पहाटे अंबाझरीला चालायला जातो. कंबर दुखते, डॉक्टरांनी एक्स-रे बघून वयोमानाप्रमाणे झीज सांगितली आणि पोटाचे स्नायू मजबूत करा म्हणाले. म्हणून मी उठल्या उठल्या पलंगाखाली पाय अडकवून ४० सिट-अप काढतो. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय. बीपीची गोळी चालू आहे.

उत्तर: काका, डॉक्टरांचं बरोबर आहे, पण सिट-अप बंद करा, उद्या सकाळपासूनच. एक तर पाय अडकवले की ओढायचं काम पोटापेक्षा मांडीच्या वरचा सोआस स्नायू जास्त करतो, आणि तो थेट कमरेच्या मणक्यांना चिकटलेला असतो. दुसरं म्हणजे वेळ. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, सकाळी आपली उंचीही जराशी जास्त भरते ती त्यानेच. त्या वेळी पाठ पूर्ण वाकवली की गादीवर दिवसापेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. १९९८ मधल्या एका अभ्यासात जुनी कंबरदुखी असलेल्या लोकांना फक्त एवढंच सांगितलं होतं की सकाळी लवकर वाकू नका, आणि तेवढ्यानेही दुखणं कमी झालं. म्हणजे उठल्यावर तासभर तरी खाली वाकून करायची कामं टाळायची. आधी अंबाझरीचं चालणं उरकून या, मग व्यायाम.

कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल म्हणून प्राध्यापक होते, आयुष्यभर मणक्यावरच काम केलं. त्यांच्या मोजमापात एका सिट-अपमधे कमरेच्या मणक्यावर साधारण ३,३०० न्यूटनचा दाब येतो, म्हणजे सव्वातीनशे किलोच्याही वर, आणि कामगारांच्या मणक्यासाठी अमेरिकेत सुरक्षित मानलेली मर्यादाच ३,४०० ची आहे. तुम्ही तो रोज ४० वेळा देताय. त्यांनी ह्याऐवजी तीन व्यायाम सुचवले, ते जगभर फिजिओ वापरतात, तुम्ही तेच घ्या.

पहिला, पाठीवर झोपून एक गुडघा वाकवलेला, एक पाय सरळ, दोन्ही तळहात कमरेच्या खालच्या पोकळीत, ती पोकळी तशीच राहिली पाहिजे. डोकं आणि खांदे जमिनीपासून कागद सरकेल एवढेच उचलायचे, बस. बाहेरून बघणाऱ्याला काही केलं असं वाटणारही नाही. दुसरा, कुशीवर कोपरावर टेकून कंबर वर उचलायची, तुम्ही गुडघे वाकवून गुडघ्यांवर भार ठेवा, पाय सरळ करायची गरज नाही. तिसरा, चौपायी होऊन म्हणजे हात आणि गुडघ्यांवर येऊन उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ, मग उलट, कंबर डुलता कामा नये. प्रत्येक वेळी जास्तीत जास्त १० सेकंद धरायचं आणि सोडायचं. आधी सहा वेळा, थोडं थांबून चार वेळा, मग दोन वेळा. सुरुवातीला चार-दोन-एक केलं तरी चालेल. ह्यात स्नायू पिळून निघत नाही म्हणून हे रोज करता येतं, आणि कमरेसाठी रोजच करायचं असतं.

बीपी आहे त्यामुळे श्वास रोखून जोर लावायचा नाही. मोठ्याने आकडे मोजत करा, आपोआप श्वास चालू राहतो. सहा आठवडे असं करून बघा. मधे कधी दुखणं पायात खाली उतरायला लागलं, पाऊल बधिर किंवा लुळं वाटलं तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा, आणि लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता, घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन लगेच इमर्जन्सीला जा.